दुधाचा दात जपून ठेवू का?

आई-बाबांनो, हा प्रश्न अलीकडे तुम्ही फार विचारू लागला आहात, म्हणून आज जरा निवांत बोलू या. दवाखान्यात ते जमत नाही. खुर्चीत मूल रडत असतं, बाहेर बाकावर पुढची मुलं ताटकळलेली असतात, आणि तुम्ही जाता जाता दारात थांबून विचारता, "डॉक्टर, याचा दात हलतोय. पडला की ठेवून देऊ का? त्यात स्टेम सेल असतात म्हणे. पुढे कसलाही आजार झाला तर उपयोगी पडतात म्हणे." कुणी मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवतं, कुणाला नात्यातल्या एखाद्या बाईने फोनवर सांगितलेलं असतं. दारात उभ्याउभ्या या प्रश्नाचं अर्धवट उत्तर देणं मला बरं वाटत नाही.

आपलं अंजूर हे वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांना साथ देणाऱ्या गंगाजी नाईकांचं गाव. आज त्याच्या आसपास शेतापेक्षा गोदामं जास्त दिसतात. शेतात राबणाऱ्या आजोबांचा मुलगा गोदामात सुपरवायझर आहे आणि नातू इंग्रजी शाळेत जातो. ज्या घरात आजी दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर टाकायची, त्याच घरातली सून आज दातातल्या पेशींबद्दल विचारते. मला याचा आनंदच आहे. मुलांच्या दाताबद्दल आईने काही विचारावं, यासाठी आम्ही वर्षानुवर्षं घसा कोरडा केला आहे. "दुधाचेच तर आहेत, पडणारच आहेत" हे वाक्य ऐकून आम्ही थकलो होतो.

उत्तर आधी देते, कारणं मग सांगते. पडलेला दात आठवण म्हणून डबीत ठेवायचा तर जरूर ठेवा. आजीच्या समाधानासाठी कौलावर टाकायचा, उंदराच्या बिळात घालायचा, तर तेही करा. पण पुढेमागे औषध होईल म्हणून साठवू नका, आणि त्यासाठी कुणाला पैसे तर मुळीच भरू नका. दातातल्या मूलपेशींचा, म्हणजे स्टेम सेलचा, तुमच्या मुलाला उपयोग होतो हे खरं आहे, आजही होतो. मात्र तो होतो तोंडातल्या जिवंत दातात. तिथे त्या टिकल्या पाहिजेत, आणि ते बरंचसं तुमच्या हातात आहे.

आता मुळापासून सांगते. दाताचं वरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल. आपल्या शरीरात त्याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही. पण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येता येताच संपून जातात, म्हणून किडलेलं किंवा तुटलेलं इनॅमल पुन्हा कधी भरून येत नाही. त्याच्या आत डेंटीनचा थर, आणि त्याच्याही आत मऊ, लालसर गर असतो. दवाखान्यात आपण सरसकट "नस" म्हणतो तो हा गर. त्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात आणि डेंटीन तयार करणाऱ्या पेशी असतात. कीड जवळ येऊ लागली की या पेशी आतून नवं डेंटीन घालून भिंत जाड करतात. त्या मेल्या तर त्यांच्या जागी उभं राहायला गरात आणखी काही पेशी असतात, ज्यांनी अजून कोणतंच ठरावीक काम पत्करलेलं नसतं. गरज पडली की त्या वाढतात आणि लागेल त्या प्रकारची पेशी बनतात. याच मूलपेशी.

त्या दातात आहेत हे जगाला कळलं ते २००० साली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत स्टॅन ग्रॉन्थोस, साँगताओ शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांच्या काढून टाकलेल्या अक्कलदाढांच्या गरातून त्या वेगळ्या केल्या. दुधाच्या दाताची गोष्ट तीन वर्षांनी, २००३ मध्ये पुढे आली आणि ती तुम्हाला आवडेल. शी हे मुळात लहान मुलांचे दंतवैद्य. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा दात हलत होता, तो काढायला तिने बाबांचीच मदत मागितली. दात हातात आल्यावर त्यांना त्याच्या पोकळीत थोडासा लाल ऊतीचा अंश दिसला. आपण सगळे तो दात धुऊन मुलाच्या हातावर ठेवतो, शी यांनी मात्र त्या लाल अंशाचा विचार केला. पुढे सात-आठ वर्षांच्या मुलांचे पडलेले पटाशीचे दात गोळा करून त्यांच्या चमूने तपासले, तर त्या इवल्या गरात मूलपेशी जिवंत होत्या आणि जोमाने वाढतही होत्या. एका दातातून मिळाल्या किती? साधारण १२ ते २०. प्रयोगशाळेत वाढवल्या तर पुरेशा, पण निसर्गाने दिलेली पुंजी एवढीच.

याचा माणसांवर उपयोग करून पाहिला गेला आहे का, असं तुम्ही विचाराल. हो, आणि ते काम प्रामाणिकपणे सांगण्यासारखं आहे. चीनमधल्या शिआन शहरातल्या लष्करी वैद्यकीय विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. ४० मुलं घेतली. सगळ्यांचा समोरचा पक्का दात मार लागून आतून मेलेला. ३० मुलांमध्ये त्याच मुलाच्या दुधाच्या दातातला गर काढला, त्यातल्या मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि मेलेल्या दाताच्या मोकळ्या नळीत ठेवल्या. उरलेल्या १० मुलांवर नेहमीचा उपचार केला. वर्षभराने पाहिलं तर मूलपेशी मिळालेल्या मुलांच्या दातात रक्तपुरवठा सुरू झाला होता, मूळ लांब झालं होतं, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दाताला पुन्हा जाणीव आली होती. मेलेल्या दाताला जाणीव येते हे ऐकून आमच्या पिढीतल्या दंतवैद्यांच्या अंगावर काटा येतो, कारण "मेलेली नस परत येत नाही" हेच आम्ही घोकत आलो. त्याआधी २०१७ मध्ये जपानमध्ये मिसाको नाकाशिमा यांच्या गटाने पाच मोठ्या माणसांवर असाच प्रयोग केला होता. त्यांनीही रुग्णाच्या स्वतःच्याच, नको असलेल्या दातातल्या पेशी वापरल्या.

आपल्याकडेही हे काम चालू आहे. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात मूलपेशींवर दीर्घकाळ संशोधन केलेले डॉ. रमेश भोंडे यांनी दातातल्या मूलपेशींवरही काम केलं आहे, आणि पिंपरीच्या डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयात यासाठी वेगळी प्रयोगशाळा आहे. ही प्रयोगशाळेतली मेहनत आहे. तिथून तुमच्या-माझ्या दवाखान्यात यायला तिला अजून बरंच अंतर कापायचं आहे.

शिआनच्या त्या चाचणीतली एक गोष्ट नीट पाहा. त्या मुलांचे दात कुठल्याही बँकेत वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेले नव्हते. पक्क्या दाताला मार लागला तेव्हा मुलाच्या तोंडात दुधाचा दात शिल्लक होता, तो काढला आणि वापरला. म्हणजे या उपचाराला बळ देणारा पुरावासुद्धा साठवणीचा नाही. दहा, वीस, तीस वर्षं गोठवलेल्या दुधाच्या दाताने एखाद्या माणसाचा आजार बरा केला, असा सिद्ध झालेला उपचार आज जगात नाही.

आणि कायद्याचं काय? २०१० च्या सुमारास मुंबईतून दातांच्या मूलपेशी साठवण्याची सेवा विकली जाऊ लागली, दंतवैद्यांमार्फत घरोघरी माहितीपत्रकं पोचली. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये मूलपेशी संशोधनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात अगदी स्पष्ट लिहिलं आहे की भारतात बाळाच्या नाळेतलं रक्त साठवायलाच परवानगी आहे. बाकी कोणत्याही जैविक गोष्टीची व्यावसायिक साठवण पुढची सूचना येईपर्यंत करता येणार नाही. दात त्यातच आले. म्हणून तुमच्याकडे कुणी दुधाचा दात साठवायचं पॅकेज घेऊन आला, वार्षिक हप्ते सांगू लागला, तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारा की या तत्त्वांप्रमाणे तुम्हाला परवानगी कुणी दिली.

इथे बऱ्याच जणांची एक गफलत होते. नाळेतल्या रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी असतात. रक्ताच्या काही आजारांत, रक्ताच्या कर्करोगात, थॅलेसेमियात अशा पेशींचं प्रत्यारोपण करतात, आणि हा मान्यता मिळालेला उपचार आहे. दातातल्या मूलपेशी त्या जातीच्या नाहीत, त्या रक्त तयार करत नाहीत. "नाळ राहून गेली, निदान दात तरी ठेवू" असं एक आई मला म्हणाली होती. तिची तळमळ मला समजते, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. रक्ताच्या अशा आजारांसाठीचं प्रत्यारोपण आणि इतर मोजक्या मान्य उपचारांखेरीज मूलपेशींचा वापर हा संशोधनाचाच भाग मानला जातो, आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेणं योग्य नाही. मधुमेह, मणक्याची दुखापत, स्वमग्नता या सगळ्यांवर एकच इलाज म्हणून जो मूलपेशी विकतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा. हे मी माझ्या बहिणीला सांगावं तसं तुम्हाला सांगते आहे, कारण अशा ठिकाणी दागिने गहाण ठेवून पैसे भरलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणखी एक साधी अडचण आहे. दुधाचा दात आपोआप पडतो, तोवर त्याचं मूळ जवळजवळ विरघळून गेलेलं असतं. जेवताना पडला, रात्री झोपेत पडला, सकाळी उशीखाली सापडला, तर आतला उरलासुरला गर बहुधा वाळून गेलेला असतो. वाळलेल्या गरात जिवंत काही राहत नाही. म्हणून साठवणूक विकणारे सांगत, दात जरा हलू लागला की लगेच काढून घ्या. माझा जीव तिथे कळवळतो. दुधाचा दात पक्क्या दाताची जागा राखून ठेवतो. विशेषतः दाढा आणि सुळे वेळेआधी काढले तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात, खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट मिळत नाही आणि मग वेडेवाकडे दात, तारा, खर्च. उद्याच्या कल्पित औषधासाठी मुलाच्या तोंडातला आजचा चांगला दात काढू देऊ नका.

आता उपयोगाचं बोलू.

तुमच्या सहा-सात वर्षांच्या मुलाचा समोरचा पक्का दात नुकताच हिरडीतून डोकावला आहे. वरून तो पूर्ण दिसतो, पण आत त्याचं मूळ अजून अर्धवटच असतं. दात बाहेर आल्यावर मूळ पूर्ण व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. तोवर मुळाच्या टोकाचं तोंड उघडं असतं, भिंती पातळ असतात, आणि टोकाशी एक मऊ ऊती असते जी मूळ घडवत असते. मूलपेशींचा सगळ्यात समृद्ध साठा तिथेच आहे. २००६ साली त्या पेशींचं वेगळं वर्णन झालं. तुमच्या मुलाच्या प्रत्येक नव्या दाताखाली ही बँक फुकट चालू आहे, तीही काही वर्षांपुरती.

याच काळात मुलं पडतात. आठ ते बारा वर्षांच्या मुलांचे समोरचे वरचे दात सगळ्यात जास्त तुटतात. आपल्या भागात मी वारंवार पाहते ते असं की स्कूटीवर मूल पुढे, हँडलला धरून उभं असतं. अंजूरफाट्याच्या गर्दीत अचानक ट्रक आडवा येतो, बाबा ब्रेक दाबतात आणि मुलाचं तोंड मीटरवर आपटतं. गाडी फार वेगात नसते, कुणाला खरचटतही नाही, पण दात आत ढकलला जातो किंवा तुटतो. दुसरं कारण कबड्डी. आपल्या गावांत कबड्डीचा नाद रक्तात आहे, आणि तो असावाच. पण समोरच्याचं कोपर किंवा गुडघा तोंडावर बसतो तेव्हा पुढे आलेले दात पहिल्यांदा जातात. ज्या मुलांचे वरचे दात बरेच पुढे आहेत त्यांना हा धोका अधिक, म्हणून त्यांना वेळेत दाखवा.

मार लागल्यावर सहसा काय होतं ते सांगते. दात तुटला नाही, दुखायचं थांबलं, घरच्यांनी हळद लावली आणि विसरून गेले. काही महिन्यांनी दात काळपट दिसू लागतो किंवा हिरडीवर पुळी येते, त्यातून पू येतो. तेव्हा कळतं की आतली नस मेली आणि मूळ तिथेच थांबलं, अपुरं. अशा दाताला नेहमीचं रूट कॅनाल नीट करता येत नाही, कारण मुळाचं तोंड उघडं असतं आणि भिंती कागदासारख्या पातळ. पूर्वी आम्ही महिनोन्महिने आत कॅल्शियमचं औषध भरत राहायचो, आणि तरी तो दात पुढे एखाद्या साध्या धक्क्याने मोडायचा.

आता यावर एक उपचार आहे, आणि तो मूलपेशींचा आहे, जरी पावतीवर तसं लिहिलेलं नसलं तरी. पहिल्या भेटीत दाताला मागून छोटं छिद्र पाडतो, आतला मेलेला भाग सौम्य औषधाने हलक्या हाताने धुतो, जंतुनाशक औषध भरून दात बंद करतो. काही आठवड्यांनी मूल परत येतं. पू थांबला असेल तर औषध धुऊन काढतो, मग बारीक सुई मुळाच्या टोकापलीकडे किंचित नेऊन मुद्दाम रक्त येऊ देतो. नळीत रक्त चढतं, आम्ही थांबतो, गुठळी धरते. वर खास सिमेंटचा थर देऊन दात पक्का बंद करतो. त्या रक्ताबरोबर टोकाजवळच्या मूलपेशी नळीत येतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये ते रक्त तपासलं, तेव्हा मूलपेशींच्या खुणा अंगातल्या इतर रक्तापेक्षा शेकडो पटींनी जास्त आढळल्या. पुढच्या वर्ष-दीड वर्षात एक्स-रेमध्ये मुळाची लांबी वाढताना, भिंती जाड होताना, टोक मिटताना दिसतं. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. नसीम शाह आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच १४ दातांवर हा उपचार करून निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. म्हणजे यासाठी परदेशाकडे डोळे लावून बसायची गरज नाही, महागडी प्रयोगशाळाही लागत नाही.

याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. आत जे वाढतं ते दर वेळी मूळच्या गरासारखंच असतं असं नाही, बऱ्याचदा ते हाडासारखं किंवा मुळावरच्या थरासारखं असतं. दाताचा रंग कधी राखाडी होतो. काही दातांत मूळ वाढत नाही, काहींत पू परत येतो आणि दुसरा उपचार करावा लागतो. आणि हे एकदा करून विसरायचं काम नाही, दोन-तीन वर्षं ठरल्या वेळी तपासायला यावं लागतं. इथे आमची नेहमी निराशा होते. दुखायचं थांबलं की पालक येणं सोडतात. कृपा करून तसं करू नका. दुखत नाही म्हणजे वाढतंय असं नाही, ते एक्स-रेच सांगतो.

दात नुसता तुटला आणि तुटलेल्या जागी मधोमध लाल ठिपका दिसला, तर तो उघडा पडलेला गर. घाबरू नका, "नस मेली" म्हणूनही बसू नका. तो लाल आहे म्हणजे जिवंत आहे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आणलंत तर वरचा साधारण दोन मिलिमीटर गर काढून त्यावर औषध ठेवतो आणि दात बंद करतो, खालचा सगळा गर तसाच राहतो. स्वीडनच्या मिओमीर स्वेक यांनी १९७८ मध्ये असे ६० दात पाहिले होते, ९६ टक्के दात बरे झाले. खालच्या मूलपेशी डेंटीन घालणाऱ्या नव्या पेशी तयार करतात, त्या स्वतःच छत घालतात, आणि मूळ आपल्या गतीने पूर्ण होतं. हा उपचार इतका साधा आहे की तो न मिळाल्यामुळे मेलेला दात पाहिला की फार वाईट वाटतं. तुटलेला तुकडा सापडला तर तोही घेऊन या, कधी कधी तोच परत चिकटवता येतो.

आणि दात संपूर्ण बाहेर पडला तर? हे नीट लक्षात ठेवा, कारण इथे घड्याळ चालू असतं. पक्का दात मुळासकट बाहेर आला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती असेल तर दुधात किंवा मुलाच्याच लाळेत हलकेच धुवा, ब्रशने किंवा कपड्याने घासू नका. जमलं तर लगेच त्याच जागी बसवा आणि मुलाला स्वच्छ रुमाल दातांत धरायला सांगा. धीर होत नसेल तर दात वाटीभर थंड दुधात ठेवून धावत या. भाताचं आवण उपटल्यावर आपण मुळं उन्हात वाळू देत नाही, ओलं ठेवतो आणि लगेच चिखलात लावतो, तसंच हे आहे. मुळावर तंतूंचा एक जिवंत थर असतो, त्यात स्वतःच्या मूलपेशी असतात, आणि कोरड्यात तासाभरात त्या बहुतेक मरतात. आमच्याकडे दात येतो तो मात्र टिश्यू पेपरमध्ये घट्ट गुंडाळून, कधी हळदीत माखून. मुळावर कागदाचे तंतू चिकटलेले असतात, तो थर सुकून पिवळा पडलेला असतो. आई-बाबांनी जिवाचं रान करून, भर उन्हात दात जपून आणलेला असतो, आणि त्या जपण्यानेच तो गेलेला असतो. दूध एवढीच गोष्ट माहीत नसते. एक अपवाद ध्यानात ठेवा: दुधाचा दात बाहेर पडला तर तो परत बसवायचा नाही, त्याने खालच्या पक्क्या दाताच्या कळीला इजा होते. पण तेव्हाही मुलाला दाखवायला आणाच. आणि धनुर्वाताच्या लशीची नोंद पाहा.

मार लागला नाही तरी याच मूलपेशी आणखी एका ठिकाणी पणाला लागतात. सहाव्या वर्षी, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, एक पक्की दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दुधाचा दात पडत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. ती दुधाचीच समजली जाते आणि तिच्यात कीड धरते. "पडणारच आहे" म्हणून सोडलेली ती दाढ आयुष्यभराची असते, आणि तिचं मूळ नऊ-दहा वर्षांपर्यंत पूर्ण झालेलं नसतं. कीड आत पोचून गर गेला, तर वाढ तिथेच थांबते. कीड वेळेत दिसली तर आम्ही गराचा जिवंत भाग राखून वरून औषधी सिमेंट भरतो आणि आतल्या पेशी उरलेलं काम करतात. म्हणून मुलगा पहिलीत गेला की एकदा टॉर्च घेऊन त्याच्या तोंडात मागे बघा. दिवसातून दोनदा फ्लोराइडच्या पेस्टने तुम्ही स्वतः ब्रश करून द्या, आठ वर्षांपर्यंत त्याच्या हाताला ते नीट जमत नाही. आणि घरातली बाई मशेरी लावत असेल तर निदान मुलांसमोर नको, ती बघून बोट फिरवायला शिकतात.

खर्चाबद्दल स्पष्ट बोलते, कारण तो प्रश्न तुम्ही विचारत नाही आणि मनात मात्र असतो. वर सांगितलेले उपचार काही सगळ्या दवाखान्यांत होत नाहीत. आसपास मुलांचे दंतवैद्य नसतील किंवा खर्च पेलणार नसेल तर मुंबईत मुंबई सेंट्रलजवळ नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे आणि खासगीच्या मानाने खर्च फार कमी आहे. कशेळीवरून ठाण्याला जाऊन लोकल धरली की पोचता येतं. पहाटे निघा, रांग असते. दात साठवायला वर्षाकाठी जे पैसे कुणी मागेल, त्यात ही फेरी अनेकदा होऊ शकते.

संशोधन पुढे जाईल, आणि मला मनापासून वाटतं की आपली मुलं मोठी होतील तेव्हा मेलेल्या दातात जिवंत गर उगवणं आजच्या रूट कॅनालइतकं सोपं झालेलं असेल. त्या दिवशी ज्या पेशी लागतील त्या त्यांच्या अक्कलदाढेत असतील, इतर निरोगी दातांत असतील. ते दात त्यांच्या तोंडात असावेत एवढीच अट आहे.

तुमच्याकडून एकच काम हवं आहे. पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा मुलांच्या शिक्षकांना, खेळाच्या सरांना आणि शाळेच्या रिक्षावाल्या दादांना हे सांगा की मुलाचा पक्का दात पडला तर तो दुधात घालून, मुलाला घेऊन, तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोचायचं. शाळेजवळच्या टपरीवर दुधाची पिशवी नेहमी असते.